डोंगराचे पाच थर

२७ जुलै २०२५, रविवार. दुपारी.
मंडळाची मीटिंग झाली. यंदा गणपतीत सजीव देखावा: गोवर्धन. कृष्ण माझी मुलगी हर्षदा. अकरावीत आहे, उंच आहे, वीस मिनिटं हात वर धरू शकते. आणि गोवर्धन पर्वत मी. दोन्ही नावं एकमताने.

अध्यक्ष भगवानअण्णा म्हणाले, योगराज, तुला यंदा एका जागी बसवायचंय. सगळे हसले. कौतुकाने. गेल्या वर्षी मी मांडव, लायटिंग आणि विसर्जनाचा ट्रक अशा तीन कमिट्यांत होतो आणि तिन्हीकडे शेवटच्या दिवशी सुधारणा सुचवल्या. त्यामानाने डोंगर म्हणजे प्रमोशन.

रचना अशी. टेबलावर स्टूल, स्टुलावर मी, माझ्या डोक्यावरून कापड जमिनीपर्यंत. टेबलापुढे हर्षदा, बोट वर करून. समोरून वाटणार, पोरीने डोंगर उचललाय. अण्णांचा विचार होता गोणपाट आणून रंग मारायचा. मी सांगितलं, अठरा वर्षं उधन्याच्या कारखान्यात कापड तपासतोय, डोंगराचं कापड मी निवडणार. अण्णा म्हणाले, निवड, पण बसून निवड.

आजपासून रोज वीस मिनिटं न हलता बसायचं. कापड एकदा ठरलं की बदलायचं नाही. आणि ही वही रोज लिहायची.

२८ जुलै, सोमवार. सकाळी.
सराव सुरू. बायकोने, म्हणजे सोनालीने, मोबाइलवर वीस मिनिटं लावून दिली. चौथ्या मिनिटाला उठलो कारण कुकरची शिट्टी झाली. मग पाणी आलं. मग दाराशी भाजीवाला आला, त्याला नको म्हणून सांगायला उठावं लागलं. प्रत्येक वेळी कारण होतं. बसलेला वेळ जोडला तर वीस मिनिटं आरामात भरतात.

सोनाली म्हणाली, डोंगर जोडून बसत नाही.

आईला गावी फोन करून बातमी दिली. तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, तू डोंगर? तू ते मन्हा पोटमाबी एक जागे नही बठना.
आईला आनंद झाला की ती असंच बोलते.

३० जुलै, बुधवार.
मोठी गोष्ट सुचली. डोंगर एका कापडात होत नाही. थर पाहिजेत. सगळ्यात आत खडक, त्यावर माती, त्यावर गवत, मग झाडी, डोक्यावर ढग. पाच. हे कामावर ठाणाच्या, म्हणजे कापडाच्या ताग्याच्या, घड्या तपासताना सुचलं, आणि त्याच ठाणात तीन ठिकाणी तुटलेला धागा होता तो राहून गेला. महेशभाई, आमच्या खात्याचे मास्तर, म्हणाले, पाटील, ध्यान क्यां छे? मी सांगितलं, उंचावर आहे.

बसण्याचा सराव: उद्यापासून डबल.

२ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी.
खडक आणला. सोनालीला घेऊन रिंगरोडच्या मार्केटला गेलो. तिथे ती प्रत्येक कापड अंगठ्याखाली चोळून बघत होती आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: यात गरम होईल का? मी समजावलं, डोंगराला गरम होत नाही. ती म्हणाली, आतल्या माणसाला होतं. तिचा आग्रह जाड सुती कापडाचा. हलकं असतं, घाम पितं, पावसाने भिजलं तरी वाळतं.

सोनाली घरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावते, दिवसाला पंधरा-पंधरा साड्या. साडी हा तिचा विषय. डोंगर माझा. मी राखाडी वेलवेट घेतलं, नऊ मीटर. वजन आहे कापडाला. पायथ्याशी कशी जाड घडी पडते ती बघण्यासारखी.

घरी येऊन ट्यूबलाइटखाली बघितलं तर जांभळं. हरकत नाही. संध्याकाळी लांबून डोंगर जांभळेच दिसतात.

७ ऑगस्ट, गुरुवार.
मातीचा प्रश्न. सोमवारी तपकिरी सॅटिन आणलं, फार चमकतं, माती अशी चमकत नाही. मंगळवारी बदलून ब्रासोचं कापड आणलं, त्यावर फुलांची नक्षी. बुधवारी तेही परत. दुकानदार आता मला बघितलं की शटरकडे बघतो. यात कापड बदलायचं नाही हा निश्चय मोडला असं नाही, कारण ठरलंच नव्हतं.

आज कपाटात माझा लग्नातला तपकिरी कोट सापडला. हीच माती. बटणं लागत नाहीत, पण डोंगराला बटणं कशाला. घालून आरशासमोर उभा राहिलो. खांदे भरदार दिसतात. हर्षदा म्हणाली, पप्पा, वरून तीन थर येणार, कोट दिसणार कुठे? मी म्हणालो, दिसत नाही, पण डोंगराला आतून जाणवतं.

आज बसलो सहा मिनिटं. सलग.

१० ऑगस्ट, रविवार.
गवत. खात्यातून फेंट आणले होते, म्हणजे ठाणाच्या टोकाला उरलेले तुकडे. पोपटी, मेंदी, बाटलीसारखा हिरवा, असे सात हिरवे. सोनाली आणि हर्षदाने बसून पट्ट्या कापल्या आणि जुन्या चादरीवर ओळीने टाचल्या. मी देखरेख केली. दुपारभर फेऱ्या मारून पाय दुखले. हर्षदा म्हणाली, पप्पा, तुम्ही फिरता आणि चिंध्या उडतात, तुम्ही खाली जाऊन चहा पिऊन या. गेलो. परत आलो तर गवत पूर्ण. माझ्या आखणीमुळे काम वेगाने झालं.

१३ ऑगस्ट, बुधवार. दुपारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.
आज झाडी सुटली. चार दिवस डोक्यात तेच होतं. जेवताना झाडी, मशिनवर झाडी, झोपेत झाडी. एकही मार्केटचा हिरवा पटत नव्हता. सगळे नवे. झाडी जुनी पाहिजे.

सोनाली तयार साड्या कारखान्यात द्यायला गेली होती. तिच्या ट्रंकेत तळाला एक हिरवी साडी आहे, लाल काठाची, तिच्या आईने जाण्याआधी शेवटची घेतलेली. फारशी नेसत नाही. बाहेर काढली आणि बघतच राहिलो. असा हिरवा आता रंगवत नाहीत. काठ कापून बाजूला ठेवला, पदर तसाच ठेवला, बाकीच्या साडीचे मधून दोन भाग केले. कात्री मी जपून चालवली. इतकी वर्षं कापडात आहे.

सोनाली आली. उंबऱ्यातच थांबली. मग आत येऊन बसली, कापलेला अर्धा भाग उचलला आणि मांडीवर घेऊन त्याची घडी घातली.
पसंत पडलं असावं. नापसंत असतं तर बोलली असती.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
सुट्टी. सोनाली दोन दिवस बोललेली नाही. कामात आहे.

हर्षदा गॅलरीत येऊन म्हणाली, पप्पा, मम्मीला सॉरी म्हणा. मी विचारलं, कशाबद्दल? ती म्हणाली, तुम्हाला माहीत आहे. बराच विचार केला. शिलाईला मार्जिन कमी ठेवलं असावं. स्वयंपाकघरात जाऊन सोनालीला सांगितलं की पुढच्या वेळी कापताना चार बोटं जास्त सोडीन. तिने गॅस बंद केला, दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. भाजी अर्धी कच्ची राहिली. मीच परत गॅस लावला, मग मोबाइल शोधायला गेलो, मग करपली.

१९ ऑगस्ट, मंगळवार.
ढग आणले. पांढरी नेट, तिच्यात चंदेरी जर. दिवा पडला की ढगात वीज असल्यासारखं दिसतं. गळ्याभोवती आणि डोक्यावर तीन वेढे.

सोनाली आज बोलली. नेट हातात घेतली आणि म्हणाली, मानेला टोचेल. सहा दिवसांत एवढंच. मी खूश झालो, कारण अबोला संपला.

२१ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी.
काल कामावरून आलो तर सोनालीने न विचारता डोंगराला आतून अस्तर लावलं होतं. माझ्या जुन्या धोतराचं मऊ कापड, गळ्याला आणि खांद्यावर, बारीक टाक्यांनी. घालून बघितलं. टोचत नव्हतं, मान्य. पण ढग बसला. फुगायला पाहिजे तिथे चपटा. अस्तर लावून कधी डोंगर झालाय का?

आज ती साड्या द्यायला गेल्यावर सगळं उसवलं. टाके इतके बारीक होते की पाऊण तास लागला. एका जागी बसून पाऊण तास. म्हणजे मी बसू शकतो, हे सिद्ध झालं.

२४ ऑगस्ट, रविवार.
मंडपात पूर्ण वेशात पहिली तालीम. डोंगर उचलून माझ्या अंगावर चढवायला चार माणसं लागली. त्यात वाल्मिक होता, माझ्याच खात्यातला, भेस्तानहून मुद्दाम आलेला. तो म्हणाला, यात आधीच कोणी आहे का? वाल्मिकला विनोद जमत नाही.

बसलो. अण्णांच्या घड्याळात अकरा मिनिटं. माझ्या हिशोबाने जास्त. बाराव्या मिनिटाला उठलो, कारण लाकडी स्टूल बोचतं. अण्णांनी ते टेबलाला चारही बाजूंनी दोरीने बांधलाय. मी ठरवलंय, घरची प्लास्टिकची खुर्ची आणायची. हात टेकायला जागा असली की माणूस शांत बसतो. हर्षदा म्हणाली, पप्पा, खुर्ची बांधलेली नसेल. मी म्हणालो, वरचं वजन बघ, ती कुठे जाणार आहे.

तीही गच्चीवर कसलासा सराव करते म्हणे. सोनाली सांगत होती.

२७ ऑगस्ट, बुधवार.
स्थापना. पहिला खेळ आठला. दहाव्या मिनिटाला पाऊस आला आणि थांबवावं लागलं. नाहीतर आज वीस झालीच असती.

२८ ऑगस्ट.
वेलवेट वाळलेलं नाही. वास येतो. मातीचा म्हणावा.

३० ऑगस्ट, शनिवार.
तीन खेळ झाले. आत काय होतं ते कोणाला कळणार नाही. घाम कोटातून खाली विजारीपर्यंत. मानेवर जरीची तार अशी चालते की मुंग्या बऱ्या. आजचा खेळ चालू असताना समोर बसलेल्या एका बाईने मोठ्याने सांगितलं, डोंगर मान खाजवतोय. लोक हसले. खेळानंतर मी अण्णांना सांगितलं की डोंगरही हलतात, भूकंप असतो. अण्णा म्हणाले, मंगळवारी देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत, त्या दिवशी भूकंप नको.

सोनालीने रात्री खोबरेल आणून ठेवलं. मानेला लावलं. तिने विचारलं, अस्तर परत लावू का? मी म्हणालो, परीक्षकांसमोर ढग चपटा? तिने तेलाचं झाकण लावलं.

१ सप्टेंबर, सोमवार.
उद्या परीक्षक. आज काम सुचेना. दोनदा ठाण उलटं तपासलं. महेशभाईंनी लवकर घरी पाठवलं. मेहेरबानी नव्हे, आदर. घरी येऊन सराव: नऊ मिनिटं. उद्या प्रेक्षक असतील तेव्हा आपोआप वीस होतील. कलाकाराला प्रेक्षक धरून ठेवतात.

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी. रजा.
कालचं लिहितो. जसं झालं तसं.

खेळ सुरू झाला तेव्हा परीक्षक पहिल्या रांगेत, दोन पुरुष, एक बाई. मागे तीनशे तरी माणूस. मी स्टुलाऐवजी घरच्या खुर्चीत. समोर फटीतून हर्षदाचं मोरपीस आणि वर केलेलं डावं बोट दिसत होतं. सहाव्या मिनिटापर्यंत उत्तम. सातव्याला जरीची तार मानेवरून पाठीत उतरली. मी फक्त खांदा हलवला. ती आणखी खाली गेली. मग फक्त अर्धा उठलो, कोट मागून ओढायला. अर्धाच. त्यात वेलवेट पायाखाली आलं.

खुर्चीचा पुढचा एक पाय टेबलाच्या कडेवरून सुटला. मी पुढे झुकलो आणि खाली बघितलं तर सरळ हर्षदाच्या डोक्यावर. ती बाजूला सरकली असती तर मी जमिनीवर. तिने मागे न बघता उजवा हात मागे नेला आणि खुर्चीचा पाय धरला. हात टेबलाच्या कडेत दाबला गेला असणार. डावं बोट तसंच वर. चेहराही तसाच असावा, मला दिसला नाही. ओठ न हलवता म्हणाली, पप्पा, बेसी जाओ ने. घाबरली की ती गुजराती बोलते.

मी बसलो. मागून अण्णा आणि वाल्मिकने खुर्ची धरून ओढली, पण त्यांना मागच्या पडद्यातून यायला वेळ लागला. तेवढा वेळ ती एकटी धरून होती. पाच थर, अधिक मी.

लोकांना वाटलं तसंच बसवलंय. उभं राहून टाळ्या वाजवल्या. वरून कळेना कशाला. मी थोडी मान झुकवली.

खेळ पूर्ण झाला. मग ती खाली उतरून मागे गेली आणि सोनालीच्या खांद्यावर कपाळ टेकून रडली. मनगट सुजून टमाटर. उधन्यातल्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, मुका मार, पट्टी दोन आठवडे. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? सोनाली म्हणाली, हिच्या बापाने. मी म्हणालो, वेलवेटने.

खरं तर चूक खुर्चीची. किंवा अण्णांनी टेबलाची रुंदी आणखी वीतभर घ्यायला पाहिजे होती. अण्णांना हे सांगायला हवं.

४ सप्टेंबर, गुरुवार.
सांगायला गेलो. अण्णा मंडपात माझी खुर्ची टेबलावरून उतरवत होते. त्यांच्याशेजारी एक निळा प्लास्टिकचा ड्रम, पाण्याने भरलेला. मी टेबलाच्या रुंदीचं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, योगराज, आजपासून डोंगरात ड्रम बसेल.

मी म्हणालो, पण देखावा सजीव आहे. अण्णा म्हणाले, कृष्ण सजीव आहे, तेवढं पुरे. हर्षदा करायला तयार होती. उजवा हात शेल्याखाली घेणार. मी घरी येऊन म्हणालो की मीही तयार आहे. ती म्हणाली, पप्पा, नको. शांतपणे. रागाने म्हणाली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

दुपारी सोनालीने जमिनीवर डोंगर पसरला आणि एकेक थर करून सगळा उसवला. कोट काढून माझ्याकडे दिला. झाडीतले साडीचे तुकडे एकेक सोडवून घेतले आणि तिथे उरलेलं गवत लावलं. वेलवेट काढून अण्णांचं गोणपाट घातलं. ढगाला जुन्या धोतराचं अस्तर. मी म्हणालो, ड्रमाला काय टोचणार? ती म्हणाली, खाली लोंबणारी जरीची तार हर्षदाच्या केसांत अडकते. आठ दिवस अडकतेय. तुम्हाला दिसली नाही?

मग साडीचे दोन भाग एकमेकांवर ठेवून मधून शिवायला बसली. मी शेजारी बसलो. सुई ओवून दिली. तिने घेतली. दुसऱ्यांदा ओवून दिली, तीही घेतली. मी म्हणालो, त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. ती म्हणाली, हं.

५ सप्टेंबर, शुक्रवार.
आजचा खेळ समोरून बघितला. मागच्या रांगेत, खांबाला टेकून. कोणी ओळखलं नाही. मला चेहऱ्याने ओळखण्याचं कारणही नव्हतं.

खोटं लिहून उपयोग नाही. ड्रमाने चांगलं केलं. गोणपाट खडकासारखं दिसतं. गवत एका दिशेने पडलंय. ढग अस्तरामुळे चपटा होईल असं मला वाटत होतं, उलट नीट उभा राहिला. वीस मिनिटं काही हललं नाही. माझ्या पुढच्या माणसाने बायकोला सांगितलं, यंदाचा डोंगर मस्त आहे. मी त्याला सांगणार होतो की थरांची कल्पना माझी. तो पुढे सरकला.

खेळ संपल्यावर मागे गेलो. हर्षदा खुर्चीत बसली होती, मोरपीस काढून मांडीवर ठेवलेलं, पट्टीचा हात उशीवर. सोनाली तिच्या दंडाला तेल लावत होती. हर्षदाने विचारलं, पप्पा, बघितलंत? कसं वाटलं?

मी सगळं सांगितलं. गोणपाटाचं, गवताचं, ढगाचं. पायथ्याशी डावीकडे एक घडी उघडी राहते तेही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, नाही पप्पा, मी कृष्णाचं विचारतेय.

छान झाला, म्हणालो. तिने विचारलं, शेवटी मी हसले ते दिसलं का मागच्या रांगेतून?
दिसलं, म्हणालो.

सोनालीने माझ्याकडे बघितलं आणि परत तेल लावायला लागली. हर्षदा म्हणाली, मी हसलेच नाही, पप्पा.